कान्बुलावच्या बोटीसाठी नाच

तान्सिंगला चौकशी केल्याशिवाय अन्न पचत नसे. सान तेलेस्फोरोच्या बाजाराच्या तोंडाशीच तिची बेकरी होती, आणि सकाळी दहा पाव घेऊन जाणारा माणूस जाता जाता पोटातली निदान एक गोष्ट तिथे सोडून जाई. कोणाच्या जावयाने मनिलाहून पैसे पाठवायचे बंद केले, पाद्रीबुवांची कंबर कशाने धरली, मेयरच्या घरी नवा फ्रीज आला तर जुना कुठे गेला, सगळं तिला ठाऊक. एकच गोष्ट ठाऊक नव्हती. एपिफानियाबाईंचा पुढचा दात खोटा होता, तो पडला कसा, हा प्रश्न ती चौथीत असल्यापासून मनात बाळगून होती. विचारायची छाती मात्र झाली नव्हती. रागावण्याआधी बाई जिभेने तो दात नीट बसवून घेत, आणि तो बारीक टक आवाज ऐकला की पन्नाशीतल्या बायकांचेही हात आपोआप पाठीमागे जात.

त्याच बाई आता दुसऱ्यांदा मेयरपदाला उभ्या होत्या, आणि पैसे उभे करायचं काम तान्सिंगकडे आलं होतं. साल १९९५. समोर सध्याचा मेयर किरिनो बुग्तास. त्याच्या आधी त्याचा बाप मेयर होता, आणि गावातल्या धक्क्यावरच्या बहुतेक बोटी, बाजारातले गाळे आणि अर्धी नोकरदार मंडळी बुग्तासांच्या शब्दात होती. बाईंकडे होती चाळीस वर्षांची मास्तरकी आणि तिचं पेन्शन.

अर्ज भरला त्या दिवसापासून बाईंच्या दारात रांग लागली. तान्सिंग हरखून पाहायला गेली, तर सगळे मागायला आलेले.

"बाई, सासऱ्यांच्या शवपेटीचं तेवढं बघा."

"बाई, आमच्या पोरांच्या बास्केटबॉलच्या बनियनी फाटल्यात हो. पाठीवर तुमचं नाव छापू."

"अरे, मीच लोकांकडे मागतेय," बाई म्हणाल्या.

"असं कसं बाई? उमेदवार तुम्ही ना? मग देणार तुम्हीच!" आणि तो माणूस खरंच गोंधळून निघून गेला. उमेदवाराने मतदाराकडे पैसे मागायचे, हे त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तान्सिंगने मग आपल्या पद्धतीने सुरुवात केली. पाव बांधता बांधता प्रत्येकाला विचारायचं, बाईंना मत देणार का? इकडेतिकडे बघून बहुतेक जण होकाराची मान हलवत. मग पैसे का नाही देत? या प्रश्नाला मात्र सगळे पावाची पिशवी उचलून चालू पडत. शेवटी मासळीवाली क्रेसिंग तोंड उघडती झाली.

"मत पेटीत पडतं, तान्सिंग. पैसे हातातून हातात जातात. कुणी बघितलं तर माझा गाळा राहील का?"

तान्सिंगला त्या दिवशी पिठात हात घालून उभं राहवेना. लोकांकडे वीस पेसो होते आणि द्यायची इच्छाही होती. नव्हतं ते निमित्त. माणसाला उघड्यावर, सर्वांदेखत पैसे टाकायला लावेल आणि वर कुणी बोटही दाखवू शकणार नाही, असं निमित्त कुठलं? हा प्रश्न तिने उशाशी घेतला तो आठवडाभर.

दुसरा प्रश्न बाईंचाच होता. "काही झालं तरी आठ हजार पेसो कान्बुलावच्या बोटीसाठी बाजूला काढायचे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कान्बुलाव म्हणजे सहा तासांवरचं बेट. मतदार मोजून सव्वाशे. आपले पोलिंग एजंट तिथे पाठवायचे, तर गावातली एकही बोट मिळणार नाही, शेजारच्या गावातून आणावी लागेल, तीन दिवसांचं भाडं, जेवणखाण.

"बाई, तेवढ्यात इथल्या सगळ्या केंद्रांवर माणसं बसतील," तान्सिंग म्हणाली. "सव्वाशे मतांसाठी एवढा अट्टहास का?"

"मागच्या वेळी मी एक्केचाळीस मतांनी पडले. कान्बुलावला आपलं कोणी नव्हतं. तिथे मला किती मतं पडली?"

"शून्य."

"शून्य," बाई म्हणाल्या, आणि दात टक करून बसला. घरी जाताना तान्सिंगच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कान्बुलावला बाईंची सख्खी बहीण राहते. माना इसिद्रा, म्हणजे इसिद्राताई, बाईंहून पाच वर्षांनी मोठी. दर महिन्याला तिच्याकडून सुकवलेल्या माकुळ मासळीची जुडी यायची, ती गेली तीन वर्षं आली नव्हती.

व्हायोलिनवाल्या मानो उस्तिंगला तिने धरलं. गावातल्या प्रत्येक लग्नात वाजवणारा हा म्हातारा, त्याच्यापासून काय लपणार?

"तुला माहीत नाही?" उस्तिंगला फार आनंद झाला. तान्सिंगला माहीत नसलेलं काही आपल्याला माहीत असावं, ही संधी रोज येत नाही. "मागच्या निकालाच्या दिवशी बाई रागाच्या भरात भर बाजारात बोलून गेल्या, माझ्या सख्ख्या बहिणीनेही मला शंभर पेसोंना विकलं. ते गेलं बेटावर. माना इसिद्राने निरोप पाठवला, की माझी बहीण मेली. तेव्हापासून बंद."

"पण तिथे मतपत्रिका दुसऱ्यांनीच भरल्या असतील! सगळ्यांना ठाऊक आहे."

"बाईंनाही ठाऊक असेल की. पण ठाऊक असणं वेगळं आणि खात्री असणं वेगळं."

म्हणजे बाईंना बोट हवी होती ती मेयर होण्यासाठी होतीच. पण त्याहून जास्त, कान्बुलावची पेटी आपल्या कोणाच्या तरी डोळ्यांसमोर उघडलेली हवी होती. तान्सिंगला बाईंची इतकी दया आली, की तिने तो विषय पुन्हा काढला नाही. तान्सिंगसारख्या चौकस बाईला हे केवढं जड गेलं असेल!

निमित्त सापडलं ते बाईंच्या घरातच. त्यांची नात सात महिन्यांची झाली होती आणि अजून बाप्तिस्मा झाला नव्हता.

"बाई, पोरीचा बाप्तिस्मा करून टाकू. जेवण घालू. आणि जेवणानंतर कुरात्सा."

कुरात्साशिवाय बाप्तिस्मा होत नाही, लग्न होत नाही, खरं तर समार बेटावर काहीच होत नाही. जोडी नाचते, पुरुष हात पसरून बाईच्या मागे लागतो, ती निसटते, आणि बघणारे चटईवर पैसे टाकतात. तो गाला. गाला पडत असेपर्यंत व्हायोलिन थांबत नाही आणि नाचणाऱ्याने थांबायचं नसतं. थांबला तर टाकणाऱ्याचा अपमान. आणि नाचो कोणीही, गाला जातो तो यजमानाच्या घरात.

"गाला टाकला म्हणून कोणाचा गाळा जात नाही," तान्सिंग म्हणाली. "तो काय प्रचाराला दिलेला पैसा आहे? तो नाचाचा मान!"

बाईंनी बोट उगारलं. "लोकांना फसवायचं नाही. पैसे कशाला जाणार ते मी आधी सांगणार."

"बाई, अहो..."

टक.

तान्सिंग मान खाली घालून घरी आली, आणि बाईंना न विचारता एक काम करून बसली. पोरीच्या धर्मपित्यांच्या, म्हणजे बाप्तिस्म्याला तिची हमी घेणाऱ्यांच्या, यादीत अकरा नावं होती. तिने बारावं लिहिलं, किरिनो बुग्तास. निमंत्रण स्वतः नेऊन दिलं. मेयर गावातल्या अर्ध्या पोरांचा धर्मपिता, कोणाचंही निमंत्रण त्याने आजवर नाकारलं नव्हतं. नाकारलं तर मेयर कसला? शिवाय चांभाराकडून तान्सिंगला कळलं होतं, की मेयरने पातळ तळाचे नवे पांढरे बूट शिवून घेतलेत आणि ते नाचाचेच आहेत. मागे एकदा जत्रेत अंगात ताप असताना हा माणूस तीन कुरात्सा नाचला होता. व्हायोलिन सुरू झालं आणि मेयर खुर्चीत बसून राहिला, असं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

त्याचं काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. तो आला तर काय होईल, एवढंच तिला बघायचं होतं.

रविवारी अंगणात अख्खं डुक्कर भाजलं, माडीचे घडे आले, चिकट भाताच्या वड्या केळीच्या पानात वाफाळत होत्या. चर्चमध्ये मेयरच्या वतीने त्याचा भाचा उभा राहिला होता, मेयर जेवायला येणार होता. लोक पोटभर जेवले. चटई अंथरली गेली. आणि बाई उभ्या राहिल्या.

"आज इथे जो गाला पडेल," त्या वर्गात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "तो कान्बुलावला पोलिंग एजंट नेणाऱ्या बोटीचा. ज्याला पटत नसेल त्याने टाकू नये. जेवण सगळ्यांचं आहे."

झालं! तान्सिंगने कपाळावर हात मारून घेतला. उस्तिंगने व्हायोलिन लावलं, बाईंचा मुलगा आणि सून नाचायला उतरले, आणि चटई कोरडी ती कोरडीच. मासळीवाली क्रेसिंग आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. कोणी दात कोरत होता, कोणी पोराला शी-शू करायला नेत होता. सुनेने दोन फेऱ्या घेतल्या आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. नवऱ्याच्या आईच्या घरात, भरल्या अंगणात, तिच्या नाचावर एक नाणं पडलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी मेयरची जीप थांबली.

मेयर बुग्तास पांढऱ्या बुटांत उतरला, मागून त्याची सात-आठ माणसं. येता येताच त्याची मान व्हायोलिनच्या ठेक्यात हलू लागली होती. चटईकडे पाहून त्याने भुवया उंचावल्या.

"काय रे सान तेलेस्फोरोकर! पोरगी एवढी सुरेख नाचतेय आणि गाला नाही? लाज वाटत नाही?" त्याने खिशातून शंभरची नोट काढून चटईवर टाकली.

मघाचं भाषण त्याने ऐकलं नव्हतं. त्याच्या माणसांनीही ऐकलं नव्हतं. बाकीच्या दीडशे माणसांनी ऐकलं होतं, आणि दीडशे जणांनी एकमेकांकडे अजिबात पाहिलं नाही.

तान्सिंगला आता स्वतःला आवरवेना. "मेयर, धर्मपित्याने आजीबरोबर नाचायची रीत आहे बरं का!"

"तर! बाई, येताय ना? की राजकारणामुळे पाय जड झालेत?"

बाई उठल्या. त्या नाही म्हणतील अशी तान्सिंगची खात्री होती. पण बाईंनी सुनेच्या हातातला रुमाल घेतला, चटईच्या कडेला सपाता काढल्या आणि मान ताठ करून उभ्या राहिल्या.

काय नाचले दोघं! मेयर हात पसरून कोंबड्यासारखा घिरट्या घालत होता आणि सहासष्ट वर्षांच्या बाई त्याच्या हाताखालून अशा काही निसटत होत्या, की म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. आणि मग क्रेसिंग पुढे आली. तिने पन्नासची नोट डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवली.

"मेयरच्या मानाची!" ती ओरडली, आणि नोट टाकली.

बांध फुटला. "मेयरसाठी!" "आमच्या मेयरच्या पायांसाठी!" "वीस माझे, मेयरचे!" माणसं खिसे उलटे करत पुढे येऊ लागली. जे तीन आठवडे बेकरीतून पिशवी उचलून पळत होते, ते रांगेत उभे राहून, नाव घेऊन, हसून पैसे टाकत होते. मेयरच्या माणसांनी पाहिलं की आपण मागे पडतोय. मेयर नाचतो आणि त्याचीच माणसं हात बांधून उभी, हे कसं दिसेल? तेही शंभर-शंभरच्या नोटा टाकू लागले. तान्सिंगने मोठं पितळी घमेलं आणलं आणि गुडघ्यांवर बसून भरायला लागली. हसू आवरण्यासाठी तिने खालचा ओठ दाताखाली धरला होता.

तिसऱ्या फेरीत बाई मेयरच्या अगदी जवळून गेल्या आणि बोलल्या. तान्सिंग चटईशीच होती म्हणून तिने ऐकलं.

"मेयर, तुम्हाला अंधारात ठेवणं बरोबर नाही. हा गाला कान्बुलावच्या बोटीचा आहे. तुम्ही यायच्या आधी मी सगळ्यांना सांगितलंय."

तान्सिंगचा हात घमेल्यातच राहिला. संपलं सगळं! आता हा थांबेल, घमेलं लाथाडेल, क्रेसिंगचा गाळा जाईल, माझी बेकरी जाईल. बाईंच्या त्या खरेपणाचा तिला मनस्वी संताप आला.

मेयरचा चेहरा क्षणभर पिठासारखा पांढरा झाला. त्याने अंगणभर नजर फिरवली. सगळीकडे हसरे चेहरे, उंचावलेल्या नोटा, आपलंच नाव. उस्तिंगच्या गजाचा वेग वाढला होता. मेयरने हात पुन्हा पसरले.

"बाई," तो धापा टाकत म्हणाला, "पडता गाला सोडून चटईवरून उतरलेला बुग्तास अजून जन्मायचाय. मतांचं मग बघू. पण त्या म्हाताऱ्याला म्हणावं जरा हळू वाजव, मेलो मी!"

"माझेही गुडघे गेलेत," बाई म्हणाल्या. आणि दोघं आणखी चार फेऱ्या नाचले.

घमेल्यात आठ हजारांहून वर निघाले. मेयर घाम पुसत, पाठ थोपटून घेत गेला. बोट मिळू नये म्हणून त्याने पुढे माणूस पाठवला म्हणे, पण शेजारच्या गावच्या बोटवाल्याचं आणि बुग्तासांचं जुनं वाकडं होतं. कोणाचा गाळा गेला नाही. काढणार कशावरून? मेयरच्या मानासाठी पैसे टाकले म्हणून?

मतदानाच्या आदल्या दिवशी उस्तिंग आणि तिघे जण कान्बुलावला गेले, आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. बाई आणि तान्सिंग धक्क्यावर उभ्याच होत्या.

"प्रत्येक मतपत्रिका डोळ्यांसमोर उघडली!" उस्तिंग बोटीतूनच ओरडला. "मेयर बासष्ट, बाई एकसष्ट!"

तान्सिंगने बाईंना मिठीच मारली. शून्याचे एकसष्ट! बाई मात्र उस्तिंगकडेच बघत होत्या. त्या एकसष्टांत कोण होतं, हे मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं ते फक्त उमेदवाराचं नाव, मतदाराच्या हाताने.

"आणि गंमत सांगतो," उस्तिंग उडी मारून धक्क्यावर आला, "एक मत बाद झालं. कोणीतरी मेयरपदाच्या जागी नाव लिहिलंय, बुंगी! दातपडकी! सगळी खोली हसायला लागली. मेयरचा एजंट म्हणाला टवाळी आहे, बाद करा. मी म्हटलं करा. दातपडकी कोण उभी होती इथे?"

बाई हसल्या नाहीत. त्यांचा हात सावकाश तोंडाकडे गेला, पुढच्या दाताशी थांबला आणि डोळे वाहू लागले. वर्गात, प्रचारात, अगदी नवरा गेला तेव्हाही तान्सिंगने त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"सात वर्षांची होते," बाई म्हणाल्या. "होडीत आम्ही बहिणी भांडलो. तिने ढकललं. जगात मला त्या नावाने एकच माणूस हाक मारतं."

पंचेचाळीस वर्षांनी तान्सिंगच्या प्रश्नाचं उत्तर आपण होऊन समोर आलं, आणि ती पुढे एकही प्रश्न विचारू शकली नाही.

बाईंनी बोटवाल्याला हात केला. "परत जायला डिझेल आहे?"

"बाई, मोजणी चाललीय! निकाल..."

"तू ऐक निकाल," बाई म्हणाल्या, आणि घागऱ्याचा घोळ धरून बोटीत चढल्या.

निकाल तिसऱ्या दिवशी लागला. तान्सिंग बेकरी उघडी टाकून धक्क्यावर धावली. बोट येतच होती. पुढच्या टोकाला दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, मध्ये सुक्या माकुळांची भली मोठी जुडी, आणि दोघींचं भांडण किनाऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

"सरळ नाव लिहायला काय झालं होतं तुला? मत फुकट घालवलंस!"

"तुझं नाव हाताने लिहायचं नव्हतं मला. मेली होतीस ना तू! पण मत तर तुलाच द्यायचं होतं."

"बाई!" तान्सिंग हात उंचावून ओरडली. "निवडून आलात! सतरा मतांनी!"

माना इसिद्राने बोटीत उभं राहून डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि तान्सिंगला निरखून पाहिलं.

"सतरा नाही गं," ती म्हणाली. "अठरा."